वसईची चर्च आणि सह्याद्रीतील घंटा

दापोडीहून नाशिक फाट्याकडे वळून भोसरी, मोशी आणि चाकण येथील कारखान्यांचा पट्टा मागे टाकला, राजगुरुनगर, मंचर व घोडेगाव ओलांडले आणि सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर गाठले, म्हणजे श्रावणी सोमवारी जो जनसमुदाय तेथे लोटलेला असतो, त्यातील बहुतेकांची दृष्टी, ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाची ओढ असल्यामुळे, शनिमंदिरापुढील मोठ्या घंटेवर क्षणभरच ठरते. जो कोणी ती घंटा निरखून पाहील, त्याच्या मात्र तत्काळ ध्यानात येईल की आपल्या देवळांतील नेहमीच्या घंटांचा घाट निराळा आणि हिचा निराळा. हिचे अंग उभट असून ओठ बाहेर पसरलेला आहे, आणि पृष्ठभागावर ओतकामातच उठवलेली ख्रिस्ती चिन्हे आहेत. ही घंटा मूळची वसईच्या किल्ल्यातील एका चर्चची. इ. स. 1739 मध्ये चिमाजीआप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चमधून उतरवलेल्या घंटा महाराष्ट्रातील निरनिराळ्या देवस्थानांना अर्पण झाल्या, त्यांपैकी ही एक. ज्या वास्तूसाठी ती ओतली गेली ती वास्तू आज छपराविना उभी आहे, आणि घंटा मात्र शेकडो भाविकांच्या हातांनी रोज वाजते. एकाच ठिकाणच्या दोन वस्तूंच्या वाट्याला इतके भिन्न आयुष्य का यावे, या प्रश्नाचा विचार केल्यास जुन्या वास्तूंच्या रक्षणाविषयी पुष्कळ काही शिकण्यासारखे आहे.

वसईचा मुलूख गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर 1534 मध्ये तह करून पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. खाडीच्या मुखाशी असलेले हे बंदर जहाजबांधणीसाठी उपयुक्त, भोवतालचा प्रदेश भात, ऊस आणि बागायत यांनी समृद्ध, आणि गोव्याच्या उत्तरेकडील पोर्तुगीज ठाण्यांच्या मध्यावर असल्यामुळे राजकारणाच्या दृष्टीनेही सोयीचे. त्यामुळे थोड्याच काळात तटबंदीच्या आत एक संपूर्ण नगर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांनी आपापली चर्च व मठ तेथे बांधले, रुग्णसेवेला वाहिलेल्या सेंट जॉन ऑफ गॉड यांच्या संघानेही आपले स्थान मिळवले, आणि सेंट जोसेफच्या नावाचे मुख्य चर्च नगराच्या मध्यवर्ती जीवनाचे केंद्र बनले. संत फ्रान्सिस झेविअर यांचे पाय या भूमीला लागले. येथेच जन्मलेले आणि येथील जेझुइटांच्या विद्यालयात शिकलेले गोन्सालो गार्सिया यांना 1597 मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राणार्पण करावे लागले, आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतभूमीत जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत होत.

या चर्चची बांधणी कशी होती, हे समजल्यावाचून त्यांचा पुढील ऱ्हास समजणार नाही. जाड दगडी भिंती चुन्यात बांधून त्यांवर गिलावा केलेला, दर्शनी भागात घडीव खांब व कमानी, जमिनीत नगरातील मातब्बरांची लेखांकित थडगी, आणि या सर्वांवर लाकडी तुळयांचे कौलारू छप्पर, असा त्यांचा सर्वसाधारण प्रकार होता. कोकणातील पावसात अशा इमारतीचा प्राण तिच्या छपरात असतो. दरवर्षी ज्येष्ठापूर्वी कौले चाळली, कुजलेली तुळई बदलली आणि भिंतीच्या माथ्यावर रुजलेले पिंपळाचे रोप उपटले, तर ती शतकानुशतके टिकते. पाच-दहा पावसाळे हे काम राहिले, तर पाणी भिंतीच्या गाभ्यात शिरून चुना धुऊन नेते, आणि मग दगडाला दगड धरून ठेवणारे काही उरत नाही. हे वार्षिक काम करणारा माणूस तेव्हाच असतो, जेव्हा त्या इमारतीत कोणाचे तरी नित्याचे येणेजाणे असते.

घंटेची गोष्ट वेगळी. ती कांशाची असते, म्हणजे सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे तिचे मिश्रण असते. हे मिश्रण तांब्याहून कठीण, नादाला उत्तम आणि गंजाला सहसा न जुमानणारे असून, संपूर्ण घंटा एकाच ओतात तयार होत असल्यामुळे तिला सांधा नसतो. चर्चच्या मनोऱ्यात तिचे काम केवळ उपासनेस बोलावण्याचे नव्हते. सकाळ, माध्यान्ह आणि सायंकाळ या तीन वेळा ती प्रार्थनेची आठवण देई, मृत्यूची वार्ता गावभर पोहोचवी, आणि आग लागली किंवा शत्रूचे गलबत दिसले म्हणजे हाकही देई. घड्याळ ज्या काळात श्रीमंताच्या घरीही दुर्मीळ होते, त्या काळात गावाचा दिवस घंटेच्या नादावर चाले.

पोर्तुगीज अमलात साष्टी आणि वसई प्रांतांतील हिंदू प्रजेला धर्माच्या बाबतीत जाच सोसावा लागला, देवळे पाडली गेली, पूजेअर्चेवर बंदी आली, आणि या गाऱ्हाण्यांची पेशव्यांच्या दरबारी वारंवार दाद मागण्यात आली. 1737 मध्ये ठाणे व साष्टी मराठ्यांच्या ताब्यात आली, आणि फेब्रुवारी 1739 मध्ये थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीआप्पा यांनी वसईला वेढा घातला. समुद्र, खाडी आणि दलदल यांनी वेढलेला तो किल्ला घेणे अत्यंत दुष्कर होते. सुरुंग खणून बुरूज उडवावे लागले, खिंडारांवर चढताना शेकडो माणसे पडली, आणि दोन्ही बाजूंनी असामान्य शौर्य गाजवल्यानंतर मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागतीची वाटाघाट केली. येथे एका गोष्टीची नोंद आवर्जून घेतली पाहिजे, ती ही की, इतका रक्तपात होऊनही, किल्ल्यातील फौजेला इतमामाने बाहेर पडू देण्याचे, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या उपासनेसाठी काही चर्च राखण्याचे कलम त्या तहात होते. विजयी सरदाराने जित प्रजेच्या धर्माची ही बूज राखली, हे त्या काळाच्या मानाने लहान औदार्य नव्हे.

घंटा मात्र विजयाचे चिन्ह म्हणून उतरल्या. आता, कांशात कथिलाचे प्रमाण काहीसे कमी केले की तोफा ओतण्याजोगा धातू सिद्ध होतो, आणि युरोपात युद्धकाळी घंटा वितळवून तोफा ओतण्याचा रिवाज शतकानुशतके चालू होता. सततच्या स्वाऱ्यांत गुंतलेल्या मराठी फौजेला तोफांची गरज काही थोडी नव्हती. असे असता या घंटा भट्टीत न जाता देवळांत गेल्या, ही घटना विचार करण्याजोगी आहे. ज्या वस्तूचा जन्म ईश्वराच्या स्मरणासाठी झाला, तिचा उपयोग पुन्हा ईश्वराच्या स्मरणासाठीच व्हावा, असा निवाडा त्या काळच्या धार्मिक मनाने केला, आणि त्या निवाड्यामुळेच त्या वाचल्या.

त्या कोठे कोठे गेल्या हे पाहू लागले म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राची यात्रा घडते. वाईजवळ मेणवली येथे, कृष्णेच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ दगडी मांडणीत टांगलेल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि 1707 हे वर्ष आजही स्पष्ट दिसते. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यांचे सुप्रसिद्ध दप्तर यांमुळे मेणवलीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेच. पण त्या घाटावर उभे राहून मरियेची ती लहानशी मूर्ती पाहिली, म्हणजे दप्तरातल्या शेकडो रुमालांत न सापडणारा इतिहास समोर उभा राहतो. नाशिकला गोदावरीच्या काठी, सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी 1747 मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाच्या दर्शनी बाजूस अशीच एक घंटा आहे. ती इतकी लोकप्रिय झाली की देवळाचे मूळ नाव मागे पडून ‘नारोशंकराची घंटा’ हीच त्या स्थळाची ओळख ठरली, आणि गोदेला महापूर आला म्हणजे पाणी घंटेपर्यंत चढले की नाही, हे नाशिककर आजही विचारतात. अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वराकडे, पुण्याच्या ओंकारेश्वराकडे आणि शिरूरच्या रामलिंगाकडेही वसईच्या घंटा गेल्याचे परंपरा सांगते. त्यांतील ओंकारेश्वराच्या सान्निध्यातच, वसई घेतल्यानंतर दीड-दोन वर्षांच्या आत निवर्तलेल्या चिमाजीआप्पांची समाधी आहे.

घंटांचे असे झाले. वास्तूंचे काय झाले? मराठी अमलात वसईला बाजीपूर हे नाव मिळाले, परंतु चर्चचे मूळ उपासक, त्यांना पोसणारी इनामे आणि त्यांची निगा राखणारे मठवासी निघून गेल्यावर त्या विशाल इमारतींना नवे काम मिळाले नाही. 1780 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहानंतर परत केला, आणि पेशवाई बुडाल्यावर तो कायमचा त्यांच्याकडे गेला. इंग्रजी अमदानीत किल्ल्यातील जमीन मेजर लिटलवूड नामक एका अधिकाऱ्याला पट्ट्याने देण्यात आली, तेथे उसाची लागवड झाली, आणि भग्न चर्चच्या आवारात साखरेचा कारखाना उभारण्याचाही उद्योग झाला. ज्या भिंतींत स्तोत्रांचे स्वर घुमले, त्या भिंतींच्या आडोशाला काहिली उकळाव्यात, याचा कोणाला खेद वाटेल. परंतु माझ्या मते खेदाची गोष्ट ती नसून, तो उद्योगही तेथे टिकला नाही, ही आहे. साखरेचा कारखाना चालू राहता, तर निदान त्या एका इमारतीवर छप्पर राहिले असते.

आज हा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रक्षणाखाली आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधील कमानी आणि थडग्यांचे लेख, सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा, आणि जेझुइटांच्या चर्चचा खांबांनी नटलेला दर्शनी भाग, यांवरून पूर्ववैभवाची कल्पना करता येते. मात्र या सर्वांत एकच चर्च असे आहे, की ज्याला पाहून उद्ध्वस्ततेची भावना होत नाही, आणि ते म्हणजे ज्याच्या परिसरात गोन्सालो गार्सिया शिकले ते जेझुइटांचे चर्च. वसईच्या ख्रिस्ती समाजाने आपल्या भूमिपुत्र संताच्या स्मृतीशी त्याचे नाते जोडले, त्याची दुरुस्ती झाली, आणि संताच्या सणानिमित्त तेथे पुन्हा उपासना होऊ लागली. एकाच किल्ल्यात, एकाच पावसात आणि एकाच चुन्यात उभ्या असलेल्या इमारतींपैकी जिला माणसे मिळाली ती सावरली, आणि जिला मिळाली नाहीत ती खचली. वास्तूचे आयुष्य दगडापेक्षा वहिवाटीवर अधिक अवलंबून असते, हे सिद्ध करण्यास याहून स्पष्ट पुरावा सापडणार नाही.

न्यायबुद्धीने पाहणाऱ्याने या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बोरिवलीजवळील मंडपेश्वर हे आठव्या शतकाच्या सुमारास खोदलेले शैव लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी ताब्यात घेतले, त्यातील शिल्पांवर आडभिंती घालून तेथे चर्च केले, आणि त्याच्या माथ्यावर विद्यालयाची मोठी इमारत उभारली. तेथील एका शिळेवर कोरलेला क्रूस आजही दिसतो, आणि जवळच नृत्य करणारा शिवही दिसतो. म्हणजे देवस्थानांचे रूपांतर हे काम एकाच पक्षाने केलेले नाही. आणि त्याचबरोबर हेही स्मरले पाहिजे, की ज्या पेशव्यांच्या घराण्याने वसईच्या घंटा आणल्या, त्याच घराण्यातील सवाई माधवरावांनी, वसईच्या विजयानंतर 53 वर्षांनी, 1792 मध्ये, आपल्या लष्करातील ख्रिस्ती सैनिकांना उपासनेसाठी पुण्यात जागा दिली. डॉम मिगेल दि नोरोन्हा या अधिकाऱ्याच्या खटपटीने तेथे उभे राहिलेले क्वार्टर गेटजवळचे चर्च पुण्यात ‘सिटी चर्च’ म्हणून ओळखले जाते, आणि आजही तेथे नित्य उपासना होते. जित आणि जेते यांच्यातील नाते दोन पिढ्यांत किती पालटू शकते, याचा तो जिवंत दाखला आहे.

जगाच्या इतिहासातही हाच नियम आढळतो. रोमन बादशाहीतील असंख्य देवळे धुळीस मिळाली, पण रोममधील पॅन्थिऑन हे देऊळ इ. स. 609 मध्ये ख्रिस्ती उपासनेला दिले गेले, म्हणून त्याचा विराट घुमट आजतागायत अभंग आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट या शहरी तेराव्या शतकातील डोमिनिकन चर्च फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील फ्रेंच लष्कराने ताब्यात घेतल्यावर उपासनेपासून तुटले. पुढे निरनिराळ्या कामांसाठी वापरले गेल्यावर अखेर एकविसाव्या शतकात तेथे पुस्तकांचे दुकान थाटण्यात आले, आणि पुस्तकांची मांडणी अशी स्वतंत्र चौकटीवर उभारली गेली की जुन्या भिंतींना इजा पोहोचू नये. आपल्या गोव्यात, जुन्या राजधानीतील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या मठात 1964 पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, आणि सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. उलट, 1835 मध्ये धर्मसंघांची हकालपट्टी झाल्यावर ओस पडलेले तेथील ऑगस्टिनियनांचे चर्च पाहा: 1842 मध्ये त्याचे छत कोसळले, 1931 मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग पडला, आणि त्याची घंटा तेवढी 1871 मध्ये पणजीच्या चर्चवर चढवली गेल्यामुळे अजून वाजते आहे. भीमाशंकरच्या घंटेची आणि पणजीच्या घंटेची कर्मकथा अशी एकच आहे, मग एकीने देऊळ गाठले असो आणि दुसरीने चर्च.

हा नियम पडताळण्यासाठी दापोडीकरांना लांब जाण्याचेही कारण नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याने दापोडीस नदीकाठी प्रशस्त बंगला बांधला. 1828 च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो सरकारी निवासस्थानासाठी घेतला, आणि लगतच्या जमिनीवर वनस्पतिउद्यान स्थापन केले. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, एका एतद्देशीय चित्रकाराने तेथील वनस्पतींची जी चित्रे काढली, त्यांपैकी 171 चित्रे स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील शाही वनस्पतिउद्यानात जतन केलेली असून, अभ्यासकांच्या जगात ती दापोडीच्याच नावाने ओळखली जातात. त्या चित्रकाराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पुढे गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी नवा प्रासाद झाला, उद्यानही तिकडेच गेले, आणि दापोडीच्या बंगल्याचे राजवैभव संपले. गणेशखिंडीच्या प्रासादाला मात्र, राज्यकर्ते गेल्यावर, 1949 मध्ये पुणे विद्यापीठाच्या रूपाने नवा धनी लाभला, आणि तो प्रासाद विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून डौलाने उभा आहे. दोन्ही वास्तू गव्हर्नरांच्याच. एकीचे काम संपले तेव्हा तिला तोलाचे दुसरे काम मिळाले नाही, दुसरीला मिळाले, एवढाच काय तो फरक.

तेव्हा जुन्या चर्चच्या पुनरुपयोगाविषयी विचार करताना काही गोष्टी निश्चयाने ठरवल्या पाहिजेत. पहिली ही की, उपासक समाज जवळपास नांदत असेल, तर त्या वास्तूवर पहिला हक्क त्यांचा. वसईत तो समाज नाहीसा झालेला नाही. पोर्तुगीज गेले, पण वसईचे ख्रिस्ती शेतकरी, बागायतदार आणि कोळी तेथेच राहिले, आपल्या मराठीच्या बोली बोलत राहिले, आणि 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच मातीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 2020 मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. अशा समाजाच्या संमतीवाचून आणि सहभागावाचून त्याच्या पूर्वजांच्या चर्चविषयी कोणताही बेत आखणे अनुचित होय. दुसरी गोष्ट ही की, जेथे उपासक उरलेले नसतील, तेथे नवा उपयोग जुन्या उपयोगाच्या प्रतिष्ठेला साजेसा असावा. ग्रंथालय, संग्रहालय, संगीताची बैठक, मुलांची शाळा, गावची सभा, यांपैकी काहीही तेथे शोभेल, कारण या सर्वांत माणसे एकत्र येतात आणि शांतपणे बसतात. तिसरी गोष्ट, नवे बांधकाम जुन्या भिंतीवर भार न टाकता स्वतंत्र उभारावे, म्हणजे उद्या ते काढले तरी मूळ वास्तू अबाधित राहील. आणि चुन्याच्या भिंतीला चुन्यानेच दुरुस्त करावे, कारण सिमेंटचा घट्ट लेप भिंतीतील ओलावा कोंडून ठेवतो आणि आतला दगड पोखरतो.

घंटांच्या बाबतीतही एक कर्तव्य शिल्लक आहे. ज्या देवस्थानांकडे वसईच्या घंटा आहेत, त्यांनी त्यांचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, त्यांवरील वर्ष आणि लेख तज्ज्ञांकडून वाचून घ्यावेत, रंग किंवा शेंदूर फासून ती अक्षरे बुजवू नयेत, आणि घंटेचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणारी मराठी पाटी शेजारी लावावी. यात देवस्थानाचे काही उणे होत नाही. उलट, परधर्माची खूण आपण जपून ठेवली, हे सांगण्यात त्या देवस्थानाचा मोठेपणाच आहे.

आपल्या गावात, छावणीत किंवा जुन्या थंड हवेच्या ठिकाणी एखादे चर्च कुलूपबंद पडलेले वाचकांपैकी पुष्कळांच्या माहितीत असेल. त्याचे पुढे काय करावे यावर समित्या बसतील, मालकी कोणाची यावर दावे चालतील, आणि त्यात वर्षे जातील. ती जाऊ द्यावीत. पण धर्मप्रांत, नगरपालिका आणि गावकरी यांनी मिळून, त्या वादाचा निकाल लागण्याची वाट न पाहता, येत्या पावसाळ्यापूर्वी त्याची कौले चाळून घ्यावीत आणि भिंतीवरचे पिंपळ उपटावेत, एवढी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे.